टिकलीची साक्ष

१

पेटी चालू होती आणि आतली मासळी सडलेली होती.

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तेरेसाने पाचूबंदरच्या मासळी बाजाराच्या मागच्या खोलीतल्या मोठ्या डीप फ्रीझरचं झाकण उचललं आणि आतून आलेल्या भपकाऱ्याने ती दोन पावलं मागे सरली. यंत्र घरघरत होतं, हिरवा दिवा लागलेला होता, पण सरंगे पिवळे पडले होते आणि कोळंबीचं पाणी झालं होतं. ही मासळी विकायची नव्हती. विधवा मर्सीच्या लेकीचं रविवारी लग्न होतं, त्या मांडवाची ती मासळी. शुक्रवारी पहाटे बोटीवरून उतरवून थेट पेटीत ठेवलेली. अजून गोठलीही नव्हती, आणि वर मे महिन्यात तापलेला पत्रा.

आठ वाजेपर्यंत निकाल लागलासुद्धा. चौकशी नाही, विचारपूस नाही. बायकांच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी होत्या, त्यांनीच तेरेसाला फासावर चढवलं:

शुक्रवार, ११.५२. तेरेसा: पेटी बंद.
शनिवार, ६.०४. तेरेसा: पेटी सुरू.

"दुपारी बंद करून विसरली, सकाळी आठवलं तशी गुपचूप चालू केली, आणि मग झाकण उघडून बोंब ठोकली," असं बाजार म्हणू लागला. चाळीस वर्षं जिने एकाही गिऱ्हाइकाला शिळा मासा दिला नाही, तिच्याविषयी! दुपारी चारला गटाची सभा ठरली. पेटीची चावी काढून घ्यायची, गटातून नाव काढायचं. गटातून नाव गेलं की बाजारातला ओटाही गेला. तेरेसाचा ओटा दाराशी पहिला, तिच्या आईपासूनचा.

नऊ वाजता ज्ञानदा साटम पिशवी घेऊन बाजारात आल्या, तेव्हा त्या ओट्यावर मासळी नव्हती. तेरेसा मांडीवर चावी घेऊन नुसती बसली होती.

२

ज्ञानदाबाई वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. वसईत फ्लॅट, गुडघेदुखी आणि अन्याय दिसला की मस्तकात जाणारी तिडीक, एवढी त्यांची मिळकत. पंचवीस वर्षांपूर्वी याच बाजारात त्यांनी छापा घातला होता. तेव्हा सतरा तराजू जप्त झाले, आणि एकटीचाच काटा गिऱ्हाइकाला दहा ग्रॅम जास्त देणारा निघाला. तो तेरेसाचा. "ओल्या मासलीचं पानी गलतं ना बाय, घरी जाईपर्यंत कमी भरतं," असं तिने तेव्हा सांगितलं होतं. त्या दिवसापासून साटमांच्या घरी दुसऱ्या कोणाची मासळी आली नाही.

हकिगत ऐकून त्यांचा पारा चढला.

"तू पेटीला हात लावलास शुक्रवारी?"

"ठेवताना लावला, सकाली. मग नाय."

"मग हे मेसेज?"

"त्याच टिकलीचं कायतरी हाय. माजा फोन म्हनतो मी केलं. मी म्हनते नाय केलं. फोन खोटं बोलतो असं सांगितलं तर हसतात सगल्या."

टिकली म्हणजे काय ते ज्ञानदाबाईंना ठाऊक होतं. आठ महिन्यांपूर्वी गटाने पेटी घेतली, तेव्हा तेरेसाच्या बहिणीचा मुलगा हृतिक, मोबाइलचं दुकान चालवणारा, त्याने दोन गोल पांढरे स्टिकर आणून लावले होते. रुपयाएवढे, आत बारीक चिप. फोन नुसता जवळ न्यायचा, की ठरवून दिलेलं काम तो आपोआप करतो. एक स्टिकर दाराशी लाकडी फळीवर, शेजारी रंगाने लिहिलेलं 'हजेरी'. येताना एकदा फोन लावायचा, जाताना एकदा. गटावर मेसेज पडतो, अमकी आली, अमकी निघाली. दुसरा पेटीच्या पत्र्यावर, शेजारी 'पेटी'. तो फक्त दोन चावीवाल्यांच्या फोनना ओळखायचा, तेरेसाच्या आणि गटाची सचिव जीना हिच्या. सोमवारी पेटी धुवायची असली की फोन लावायचा, पेटी बंद. पुन्हा लावायचा, सुरू. बायकांनी त्या स्टिकरांचं नाव टिकली ठेवलं होतं.

"तुझ्यावर कोणाचा राग?"

"वैर कोनाशी नाय. महिन्यामागं पेटीतली एक टोपली उचलून खाडीत फेकली, तेवढंच. बाहेरच्या ट्रकची, औषध मारलेली मासली होती. ताजी म्हनून विकनार होते."

"कोणाची टोपली?"

"फेकलेल्या टोपलीला नाव नसतं, बाय."

एवढं बोलून तिने तोंड मिटलं. ज्ञानदाबाईंना तिचा राग आला आणि तिच्यासाठी जीवही तुटला. स्वतःच्या मानेवर सुरी आलेली असताना दुसऱ्याची अब्रू झाकत बसणारी माणसं त्यांना कधी समजलीच नव्हती.

"फोन दे इकडे," त्या म्हणाल्या आणि ओट्याच्या कडेवर बसून गटाचे मेसेज वर सरकवू लागल्या. दोन मिनिटांनी त्यांचं बोट थबकलं. आठ महिन्यांत जे एकदाही चुकलं नव्हतं, ते शुक्रवारी चुकलं होतं.

३

शुक्रवारी सकाळी मेसेज होता, 'तेरेसा आली'. पण 'तेरेसा निघाली' हा मेसेजच नव्हता. शनिवारी 'तेरेसा आली' हाही नव्हता.

"काल निघताना टिकली लावलीस?"

"लावली की. बारा वाजायला आले होते. मर्सीकडं मसाला कुटायचा होता, सांजपर्यंत तिकडंच. टिंग वाजला, निघाले."

"आणि आज आल्यावर?"

"आज पन टिंग वाजला. मग पेटी उगडली."

ज्ञानदाबाईंनी अजून खाली पाहिलं. शुक्रवारी ११.३१ ला 'फेलिशिया निघाली'. त्यानंतर हजेरीचा मेसेज एकीचाही नाही, आज सकाळचाही नाही. मधे फक्त त्या दोन ओळी.

तेवढ्यात बाजाराच्या तोंडाशी बर्फाचा टेम्पो थांबला आणि फ्रान्सिस लाद्या उतरवू लागला. पेटी यायच्या आधी सगळा बाजार फ्रान्सिसच्या बर्फावर चालायचा. आता निम्म्या बायका त्याला विचारत नव्हत्या. शुक्रवारी दुपारी तो इथेच होता, हे दोघी-तिघींनी ज्ञानदाबाईंना कानात सांगितलं. सांगताना डोळे मात्र मोठे.

"पेटी बिघडली की तुझा फायदा," ज्ञानदाबाईंनी सरळच टाकलं.

फ्रान्सिसने लादी आपटली. "माजाच नंबर लावा! बाय, मना पेटी बंद करायची असती तर भिंतीतली वायर ओढली असती. एका झटक्यात काम. कोनाच्या फोनचं सोंग कशाला आनू? मना त्या टिकल्या कलतात तरी का?" त्याने खिशातून बटणांचा जुना फोन काढून त्यांच्या नाकासमोर धरला.

ज्ञानदाबाईंना हसू आलं नाही. माणूस रागाने बोलला होता, पण लाखमोलाचं बोलला होता. वायर ओढली असती तर मासळी नासली असती, पण नाव कोणाचंच आलं नसतं. ज्याने कोणी हे केलं त्याला मासळी नासवण्यावर भागवायचं नव्हतं. त्याला तेरेसा नासवायची होती.

४

जीना आपल्या ओट्यावर हिशेबाला बसल्यासारखी नीट बसली होती. पदवीधर, टापटीप, मराठी शाळेतल्या बाईंसारखं बोलणारी. ज्ञानदाबाईंना तिने प्लास्टिकची खुर्ची दिली.

"मॅडम, मला तर रडू येतंय. मावशींना मी आईसारखं मानते. पण वय झालं हो. फोन त्यांना जमत नाही. मी कितीदा म्हटलं, तुमचीही चावी माझ्याकडे द्या, तुम्ही नुसत्या बसा."

"काल पेटी बंदचा मेसेज तू पाहिलास?"

"पाहिला. वाटलं धुवायला काढली असेल. सगळ्यांनाच तसं वाटलं."

"शुक्रवारी? पेटी सोमवारी धुता ना?"

"लग्नाचं घर, मॅडम. मला वाटलं, साफ करत असतील." जीनाने पदर सारखा केला. "आणि नेटची बोंब होती कालपासून. हजेरीचेही मेसेज कोणाचेच पडले नाहीत. मी काल निघताना टिकली लावली, आज आल्यावर लावली, मेसेज काही गेला नाही. आता सगळ्यांचंच तसं झालं म्हटल्यावर कोण काय करणार?"

"दोन्ही वेळा लावलीस? फळीवरची?"

"दोन्ही वेळा. माझी हजेरी कधी चुकत नाही, कोणालाही विचारा."

ज्ञानदाबाईंनी कोणालाही विचारायचं ठरवलं. फेलिशिया समोरच बोंबील मांडत होती. कालच्या यादीत शेवटचा बरोबर मेसेज तिचाच होता. बाई तोंडाने फटकळ, पण खोटं बोलायला लागणारी सवड तिला कधी मिळत नसे.

"काल माजी लागली, पन पिशवी विसरले म्हनून परत आले, आन जाताना परत लावली," फेलिशिया म्हणाली. "तीनदा लावली! फोन मुका. म्हटलं, टिकली मेली. हितं जीना उभी होती, तिला सांगितलं. म्हनाली, नेट नाय, जा तू."

"नेट नव्हतं?"

"कुटलं नेट नाय? मी तवाच पोराला फोटो पाठवला मांडवाचा. गेला की!"

ज्ञानदाबाई उठल्या. गुडघा कुरकुरला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. एक गोष्ट त्यांना आयुष्यभराच्या नोकरीने शिकवली होती. काटा कधी खोटं बोलत नाही. काट्याखाली कोणी काय चिकटवलं, ते खोटं बोलतं.

५

त्यांनी स्वतःचा फोन काढला. लेकाने दिलेला, नवा. असा फोन कुठल्याही टिकलीजवळ नेला, की बाजारातल्या जुन्या फोनांसारखा मुका न राहता निदान टिंग करतो, इथे टिकली आहे एवढं तरी सांगतो. त्या पेटीजवळ गेल्या आणि पत्र्यावरच्या टिकलीला फोन लावला. काही नाही. उलटा लावला, घासून लावला. काही नाही.

मग फळीवरच्या टिकलीला लावला. टिंग.

त्यांनी फळीवरच्या टिकलीच्या कडेवरून नख फिरवलं. मग परत जाऊन पेटीवरच्या टिकलीवरून फिरवलं. पेटीवरची कागदासारखी पातळ होती. फळीवरची जाड होती, आणि तिच्या कडेला खालून काळा थर दिसत होता.

हृतिकचं दुकान पाच मिनिटांवर. तो मान खाली घालून बसला होता. सकाळपासून अर्ध्या बाजाराने त्यालाही धुतलं होतं, तुझ्याच मावशीसाठी हे खेळणं आणलंस म्हणून.

"जाडी टिकली कुठली?" ज्ञानदाबाईंनी दारातूनच विचारलं.

"पेटीची, काकू. लोखंडावर साधी टिकली लावली ना, तर ती डेड होते. फोन वाचूच शकत नाही. म्हणून लोखंडासाठी खास जाडी येते, मागे काळा थर असलेली. मी एकच आणली होती, पेटीला. फळी लाकडाची आहे, तिला साधी चालते."

"आणि जाडी लाकडावर लावली तर?"

"चालेल की. ती कुठेही चालते."

"मग लाकडावरच्या त्या टिकलीला तेरेसाने फोन लावला, तर तो हजेरी लावेल की पेटी बंद करेल?"

हृतिक ताडकन उभा राहिला. "पेटी... फोनला जागा कळत नाही, काकू. टिकली कळते फक्त. मीच सभेत समजावलं होतं सगळ्यांना."

"तू हे केलं नाहीस, हे मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तू साधी टिकली लोखंडावर कधीच लावली नसतीस. आणि दुकानात शंभर टिकल्या असताना तुला बाजारातल्या उचकटायची गरज नव्हती. हे ज्याने केलं त्याला दोन्ही टिकल्या सारख्याच वाटल्या. चल, फोन घे आणि सभेला ये."

वाटेत त्यांचं डोकं तापलेलं होतं. कोणीतरी दोन टिकल्यांची अदलाबदल केली, एवढं झालं. पण कोणी? शुक्रवारी साडेअकरा ते बारा या वेळात बाजारात दहा बायका होत्या. मग एकाएकी त्या रस्त्यातच थांबल्या. जीनाचं बोलणं त्यांना आठवलं. हृतिकने विचारलं, काय झालं काकू?

"काही नाही," ज्ञानदाबाई म्हणाल्या. "एक न आलेला मेसेज सापडला."

६

चारला बाजारात सगळ्या जमल्या. तेरेसा आपल्या ओट्यावर, चावी हातात. दाराबाहेर मर्सी उभी होती, नवं लुगडं नेसून. तिची वरात सभेसाठी थांबणारी नव्हती. पाच वाजता नवरीच्या आंघोळीचं उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जायचं होतं, आणि नवरीची गॉडमदर तेरेसा होती.

जीनाने ठराव वाचायला घेतला. ज्ञानदाबाईंनी तिच्या हातातला कागद काढून घेतला आणि उलटा ठेवला.

"आधी माझं ऐका. मग कोणाला काढायचं ते काढा."

त्यांनी हृतिककडून दोन्ही टिकल्या उचकटवल्या. पातळ आणि जाडी, सगळ्यांच्या हातांतून फिरवल्या. लोखंडावर पातळ टिकली मरते हे पत्र्यावर दाखवलं. मग तेरेसाचा फोन जाड्या टिकलीला लावला. भिंतीपलीकडे घरघर बंद झाली आणि बारा फोनवर एकदम टिंग झालं. 'तेरेसा: पेटी बंद.'

"कळलं? काल तेरेसाने हजेरीच लावली. फळीवर मात्र कोणीतरी पेटीची टिकली लावून ठेवली होती. आज सकाळी तिने पुन्हा हजेरी लावली, आणि पेटी सुरू झाली. म्हणून तिला पेटी चालू दिसली आणि मासळी सडलेली. फोन खरं बोलला. तेरेसाही खरं बोलली. तुम्ही मात्र चाळीस वर्षं ओळखीच्या बाईपेक्षा दोन ओळींवर विश्वास ठेवलात! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालात!"

फेलिशियाने हळूच विचारलं, "पन मग आमचे फोन मुके का झाले?"

"कारण पेटीची टिकली तुमच्या फोनना ओळखतच नाही. ती दोनच फोन ओळखते." ज्ञानदाबाई वळल्या. "जीना, तू काल निघताना आणि आज आल्यावर फळीला फोन लावलास. दोन्ही वेळा. सकाळी मला सांगितलंस."

"हो. मेसेज गेला नाही, नेट—"

"तू चावीवाली आहेस. काल तेरेसाच्या नंतर तू फोन लावला असतास, तर पेटी तिथल्या तिथे सुरू झाली असती. आज तिच्यानंतर लावला असतास, तर पुन्हा बंद पडली असती. गटावर तुझं नाव आलं असतं. आलं नाही. म्हणजे तू लावलाच नाहीस. आठ महिन्यांत जिची हजेरी चुकली नाही, ती बाई त्या फळीला दोन दिवस हात लावत नाही. का? फळीवर काय आहे, हे या बाजारात एकट्या तुला ठाऊक होतं म्हणून."

जीनाचा चेहरा पांढरा पडला. तिने आजूबाजूला पाहिलं. एकीनेही नजर दिली नाही.

"संध्याकाळी मर्सीकडून येताना मावशी बाजारात डोकावतील, पेटी बंद दिसेल, असं वाटलं होतं," ती पुटपुटली. "मासळी एवढी जाईल असं... मला फक्त त्यांची चावी काढून घ्यायची होती. त्या कधी ना कधी सांगणारच होत्या. माझ्या टोपलीचं."

"कुठल्या टोपलीचं?" दोघी-तिघी एकदम बोलल्या.

आता सगळ्या तेरेसाकडे बघत होत्या. ती सावकाश उठली.

"मी कोनाला सांगितलं नव्हतं," ती जीनाला म्हणाली. "मेले असते तरी सांगितलं नसतं. तुजी पोर माज्याकडं सरंगा मागायला येते, तिच्या तोंडाकडं बगून गप बसले. आन तू एका विधवेच्या मांडवाची मासली नासवलीस, माजं तोंड बंद करायला. ते तर बंदच होतं!"

तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. मग सगळ्यांचा गलका झाला. माफ कर तेरेसा, चुकलो, चावी तूच ठेव, ओटा तुजाच. फेलिशियाने तर आपल्या बर्फातले चार रावस काढून मर्सीच्या मांडवासाठी बाजूला ठेवले, तिचं बघून बाकीच्याही उठल्या. बघता बघता टोपली भरली.

तेरेसा त्या टोपलीकडे बघून मर्सीसाठी हसली. बायकांकडे बघून हसली नाही.

"मासली दर्या परत देतो," ती म्हणाली. "सकाली आट वाजता तुमी माजं नाव टाकलंत. एकीनं तरी येऊन विचारायचं, तेरेसा, खरं काय? साटमबाय परक्या, त्यांनी विचारलं."

तिने चावी ओट्यावर ठेवली. ज्या ओट्यावर तिची आई बसायची, त्याच्या बरोबर मधोमध. हृतिकने तेवढ्यात पातळ टिकली फळीवर आपल्या जागी चिकटवली होती. तेरेसा दाराशी गेली, सवयीने कमरेच्या पिशवीतून फोन काढला, फळीला लावला आणि मर्सीचा हात धरून विहिरीच्या वाटेला लागली.

मागे बारा फोन एकदम वाजले. बायकांनी खाली पाहिलं.

तेरेसा निघाली.

ओट्यावरची चावी उचलायला कोणाचा हात पुढे झाला नाही.